ओरडणारी गिटार आणि आमचं वाइंडिंगचं दुकान

मंगळवार, दुपारचे सव्वाबारा. काव्या नुकती झोपली होती. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी एका मोटारीच्या कॉइलवर टेप गुंडाळत बसले होते. तेवढ्यात आमचे दीर, विशाल भाऊजी, खांद्याला गिटार अडकवून दुकानात आले. तिथून जे सुरू झालं ते रविवारपर्यंत काही थांबलं नाही.

तसे वाइंडिंगच्या दुकानात किस्से साठतातच. विहिरीतली मोटार जळाली की माणूस ती घेऊन येतो, आणि नीट होईपर्यंत बाकड्यावर बसून राहतो. बसला की बोलतो. जळक्या तारेचा ढीग आमच्या एका कोपऱ्यात आणि गोष्टींचा दुसऱ्या. तार निदान भंगारवाला नेतो! पण आज सांगते ते गिऱ्हाइकांचं नाही, आमच्या घरचंच आहे.

दुकानात माणसं तरी किती? आमचे हे मोटारी भरतात, म्हणजे जळकी तार काढून नवी बसवतात. मी कॉइल गुंडाळते आणि दीड वर्षाच्या काव्याला सांभाळते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मागच्या घरातून सगळ्यांना आवाज देत असतात. आणि भाऊजींचा दुकानात काही उपयोग नाही. हे मी नाही म्हणत, त्यांचा सख्खा भाऊ म्हणतो. भाऊजींनी आजवर एकच पंखा भरला. तो फिरायचा नाही, फक्त तापायचा. त्या घरच्यांनी तो हिवाळ्यात वापरला!

*

तर गिटार. भाऊजी लग्नात वाजवणाऱ्या एका पार्टीत आहेत. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दादा, ही उघडायची हाय."

ह्यांनी मान वर न करता विचारलं, "किती एचपीची?"

गिटार लाल, चकचकीत, पण स्वस्तातली. आतून पोकळ, आणि पोटावर दोन लांबट वळणदार भोकं. तारांच्या खाली दोन चपट्या डब्या. भाऊजींनी सांगितलं की ह्या डब्यांना पिकअप म्हणतात, आत तारेची कॉइल आणि लोहचुंबक असतं. वरची तार हलली की कॉइलमध्ये आवाज येतो आणि वायरीतून स्पीकरला जातो. दुखणं असं, की स्पीकरचा आवाज वाढवला की गिटार आपोआप ओरडायची. नुसती शिट्टी! आदल्या रविवारी राजूरकडच्या एका लग्नात ती अशी ओरडली की वरमाईच्या हातातलं ओवाळणीचं ताट नवरदेवाच्या बुटांवर उलटं झालं.

पार्टीचे मालक उस्मान मास्तर. ते बेंजो वाजवतात आणि कमी बोलतात. त्यांनी भाऊजींना सांगितलं होतं, "इतवार को बदनापूर में हल्दी है. चिल्लाई तो गिटार घर, तू बी घर."

ह्यांनी हे ऐकलं आणि हातातली मोटार बाजूला ठेवली. "घरी कशाला? सोमवारपासून इथं बेंचवर बस की."

भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांना गिटारीशिवाय दुसरं काही येत नाही, आणि येऊ द्यायचंही नाही. मी हळूच म्हटलं, "अहो, उघडा ती गिटार. आपल्याला पंखेवाले परत यायला नकोत."

*

आमच्याकडं मोटार तपासायची पद्धत ठरलेली. भिंतीवर एक बल्ब आहे, त्याची लाइन मधे तोडून दोन वायरी बाहेर काढल्यात. त्या मोटारीच्या दोन टोकांना लावायच्या. बल्ब पेटला तर कॉइल जिवंत, नाही पेटला तर मेली. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून हेच.

ह्यांनी गिटारीतला एक पिकअप सोडवला, त्याच्या दोन वायरी मोकळ्या केल्या. मी म्हणत होते, "अहो, ती तार केसापेक्षा बारीक दिसतीय, मीटर लावून बघा ना." पण हात सवयीनं बल्बकडं गेलाच.

बल्ब काही पेटला नाही. 'टक्' असं झालं, एक बारीक धूर निघाला आणि वास आला. त्या वासाला आमच्या दुकानात नाव सांगावं लागत नाही.

बाकड्यावर एक शेतकरी मामा आपल्या मोटारीसाठी सकाळपासून बसले होते. ते लांबूनच म्हणाले, "गेली! माझी बी अशीच गेल्ती."

भाऊजी त्या डबीकडं बघत राहिले. मामांना वाईट वाटलं असावं. ते उठले, भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तरी बरं बाबा, तुला ती बोअरमधून तर काढावी न्हाई लागली!"

*

दुसऱ्या पिकअपला ह्यांनी शहाण्यासारखं मीटर लावलं. कॉइल चांगली होती. बोटानं डबीवर टिचकी मारून, कान लावून आतला आवाज ऐकला आणि लगेच निदान केलं.

"आतून तार ढिल्ली हाय. म्हणून ओरडून राह्यली. मोटारीत कॉइल ढिल्ली असली की ती बी गुणगुणती का न्हाई? वार्निशमध्ये बुडवायची, भाजायची, घट्ट होती. काय अवघडे?"

निदान बराबर होतं. हे मी आजही म्हणते. आमच्या दुकानात भरलेली प्रत्येक मोटार वार्निशमध्ये बुडते आणि मग पत्र्याच्या पेटीत मोठ्या बल्बांखाली भाजली जाते, तेव्हा कुठं पाच पावसाळे टिकते. फक्त एक विसरलं. मोटार लोखंडाची असते, आणि पिकअपची कॉइल प्लास्टिकच्या चौकटीवर गुंडाळलेली असते!

जेवण झाल्यावर पेटी उघडली. उडदाचा पापड विस्तवावर धरल्यावर कसा वळतो, तसा तो पिकअप वळला होता. एक कोपरा वर, एक खाली. भाऊजींनी तो तळहातावर घेतला. मला वाटलं आता भावाभावांत जुंपते. मी काव्याला उचलून आधी मागच्या दारापाशी गेले. मला भांडणाची फार भीती वाटते. भीती मला बऱ्याच गोष्टींची वाटते, ते पुढं येईलच.

ह्यांनी पापडाला मीटर लावलं. काटा हललाच नाही. ते खाकरले आणि म्हणाले, "आता मात्र ओरडणार न्हाई."

त्या रात्री भाऊजी जेवले नाहीत. ओरडत का होईना, गिटार होती. आता तीही मुकी. पायरीवर बसून नुसतं मोबाइलवर बोट फिरवत होते. हे दोनदा बाहेर गेले, दोनदा आत आले, आणि तिसऱ्यांदा जाऊन त्यांच्या शेजारी बसले. "नवीन मिळतेत का रे त्या डब्या? चांगल्यातल्या मागव. जल्दी येतील अशा." आमच्या घरात माफी अशीच मागतात.

*

डब्या शुक्रवारी आल्या. आल्या तशाच बसवायच्या होत्या, पण आता भाऊजींनी बरेच व्हिडिओ पाहिले होते. ते म्हणाले, "दादा, तुझं खरं होतं. बुडवायचीच असती. पण वार्निशमध्ये न्हाई, मेणात. आणि भाजायची न्हाई."

ह्यांची छाती लगेच फुगली. "म्हणजे माझं बराबरच होतं! फक्त भांडं चुकलं."

मेणाचं काम माझ्याकडं आलं, कारण गॅस माझा. मेण थेट आचेवर ठेवलं तर पेट घेतं, असं त्या व्हिडिओत होतं. एवढं ऐकणं मला पुरलं. काव्याला शेजारी पाठवलं. खिडक्या उघडल्या. पाण्याची बादली जवळ ठेवली, मग आठवलं की पेटलेल्या मेणावर पाणी टाकत नाहीत, म्हणून बादली उचलली आणि ओलं पोतं आणून ठेवलं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं, लहान पातेल्यात मेणबत्त्या आणि जडीबुटीवाल्याकडचं मधमाशीचं पिवळं मेण. वितळल्यावर पिकअप दोऱ्याला बांधून आत सोडले. बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. बुडबुडे येतात तोवर आत हवा आहे, थांबले की कॉइल मेणानं भरली. आच वाढली तर प्लास्टिक जाणार, कमी झाली तर मेण गोठणार.

भाऊजी घाबरून विचारत होते, "वैनी, जमंल ना?"

मी म्हटलं, "भाऊजी, एवढ्या वर्षांत माझं दूध कधी उतू गेलंय का?"

नाही गेलं! दोन्ही पिकअप असे निघाले की टिचकी मारली तर दगडावर मारल्यासारखी. उरलेलं मेण पातेल्यातच गोठलं. मी ते ओट्यावर झाकून ठेवलं आणि काव्याला आणायला गेले.

आले तर देवघरात दिवा लागलेला. पोरीचं जेवण झालं, भांडी झाली, तरी तो दिवा तसाच तेवत होता. आत्याबाई समोर हात जोडून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, आजचं तूप लई टिकाऊ निघालं. वासबी मधाचा येतोय. आता ह्याच डेअरीचं घेत जा!"

मी पातेल्याकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं आणि "बरं आत्याबाई" म्हटलं.

*

शनिवारी सकाळी बसवायचं काम. हे सगळ्यात अवघड, कारण ह्या गिटारीला मागून झाकण नसतं. आवाज कमीजास्त करायची बटणं, खटका, वायरीची पिन लावायचं सॉकेट, हे सगळं आतून लावलेलं. जुन्या वायरी ह्यांनी अगदी मुळातून तोडल्या होत्या. त्यामुळं नव्या वायरी जोडायच्या तर हा सगळा गुंता पोटावरच्या त्या वळणदार भोकातून बाहेर ओढायचा, जोडायचा, आणि त्याच भोकातून परत आत घालून प्रत्येक वस्तू आपापल्या छिद्रात बसवायची. हात आत जात नाही. दिसत तर काहीच नाही.

भाऊजींनी पाना लावून पहिल्या बटणाची चकती सोडायला घेतली आणि मी ओरडले, "थांबा!"

काव्या झाल्यापासून माझी एक सवय आहे. मी प्रत्येक वस्तूला दोरा बांधते. तिचा चमचा पाळण्याला बांधलेला, खुळखुळा मनगटाला, चप्पल पायाला, टोपी झबल्याला. पडेल, हरवेल, तोंडात जाईल, नाल्यात जाईल, काय काय मनात येतं. घरात सगळे हसतात. भाऊजी तर म्हणतात, "वैनी, दादालाबी बांधून ठेवा एखादा."

मी रिळं आणली. सोडायच्या आधी प्रत्येक बटणाच्या दांड्याला एकेक दोरा बांधला. आवाजाच्या बटणाला लाल, दुसऱ्याला हिरवा, खटक्याला पिवळा, पिनेच्या सॉकेटला काळा. मग चकत्या सोडल्या. सगळं टपाटप आत पडलं, पण दोरे बाहेरच. गुंता भोकातून बाहेर काढला, वायरी जोडल्या. मग एका हातानं आत ढकलायचं आणि दुसऱ्या हातानं दोरा ओढायचा. परकरात नाडी ओवायची ती हीच रीत, ह्यात शिकायचं काय? लाल ओढला, बटणाचा दांडा आपल्या छिद्रातून टुपकन वर आला. हिरवा ओढला, टुपकन! पिवळा, काळा, एकापाठोपाठ एक. उंदीर बिळातून डोकावावेत तसे.

भाऊजी बघतच राहिले. "वैनी, त्या व्हिडिओतला माणूस म्हणला ह्याला अख्खा दिवस लागतो."

हे म्हणाले, "त्याला लेकरू नसंल."

*

एवढं झालं आणि माझा जीव जायची पाळी आली.

पिकअप चौकटीत बसवायचे बारीक स्क्रू मी वाटीत ठेवले होते. वाटी उंच टेबलावर, टेबल काव्यापासून लांब. तरी एक स्क्रू कमी भरला. मी खाली बघितलं तर काव्या माझ्या पायाशी बसून तोंड हलवत होती.

मी तिला उचलली, तोंडात बोट घातलं. ती चावली. उताणी केली, पालथी केली, पाठीवर थापट्या मारल्या. ती खदाखदा हसायला लागली, तिला वाटलं आई खेळतीय. मी रडायलाच लागले. "अहो, गाडी काढा! पोरीनं स्क्रू गिळला!" ह्यांनी एका पायात चप्पल घालून गाडीला किक मारली. आत्याबाई धावत आल्या, "केळं चारा, आधी केळं चारा!" भाऊजी गिटार काखेत मारून माझ्यामागं धावले, वायरीला लोंबणारा नवा पिकअप हातात तसाच.

मी गाडीवर बसले, काव्या माझ्या कडेवर. ती एकटक भाऊजींच्या हाताकडं बघत होती. मग तिनं बोट दाखवलं. "तो!"

पिकअपच्या खालच्या अंगाला, लोहचुंबकाला, तो स्क्रू शहाण्यासारखा चिकटून बसला होता!

"मंग ही खाऊन काय राह्यली?" हे गाडी बंद करत म्हणाले.

मी परत बोट घातलं. ह्या वेळी हळू. केळं निघालं. मी ओरडायच्या आधीच आत्याबाईंनी ते चारलं होतं.

*

दुपारी गिटार पहिल्यांदा लावली. भाऊजींनी पार्टीचा एक स्पीकर आणला होता. एकटा पुढचा पिकअप लावला, सुरेख. एकटा मागचा, सुरेख. खटका मधे करून दोन्ही एकदम लावले, तर आवाज डब्यातून आल्यासारखा. पातळ, किरकिरा, अंगातला सगळा जोर गेलेला.

भाऊजी पुन्हा मोबाइल घेऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. एका दिवसावर हळद येऊन ठेपलेली, आणि मास्तरांना दोन्ही पिकअपचा आवाज आवडायचा.

हे तिकडं कुणाची तरी मोटार भरत होते. इकडं बघितलंही नाही. तिथूनच म्हणाले, "एक डबी उलटी फिरून राह्यली."

"दादा, ही फिरत न्हाई. ही गिटार हाय."

"असू दे. मोटार उलटी फिरली की आपण काय करतो? दोन वायरी आलटपालट. त्या डबीच्या दोन वायरी अदलाबदल कर."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं, मी दोऱ्यांकडं पाहिलं. बरं झालं, दोरे अजून सोडले नव्हते! पुन्हा सगळं बाहेर, मागच्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल, पुन्हा सगळं आत. खटका मधे केला, भाऊजींनी तारेवर हात मारला आणि दुकानातल्या पत्र्याच्या पेटीवरची धूळ उडाली. असा भरलेला आवाज!

ह्यांनी तेव्हा कुठं मान वर केली. "पाणी आलं का?" म्हणाले.

*

शिट्टी तर गेली. पण आवाज पार वर नेला की पोकळ पोटातून एक जाड 'घूंऽऽ' यायचा, शंखासारखा. भाऊजी म्हणाले, ह्याला पोटात काहीतरी मऊ भरावं लागतं. मी काव्याची लहान झालेली झबली काढली. टाकवत नव्हती म्हणून ठेवलेलीच होती. एकेक घडी करून, अर्थातच दोरा बांधून, भोकातून आत सरकवली. मग बघितलं तर घूं बंद. कितीही वाढवा, बंद म्हणजे बंद!

आम्ही खुशीत असताना शेजारचे काकाजी आले. काकाजी मारवाडी, त्यांचं आमच्या भिंतीला भिंत लावून धान्याचं होलसेल दुकान. घरंदाज माणूस. कधी आवाज चढवत नाहीत. मला वाटलं सकाळपासूनच्या गोंधळाची तक्रार घेऊन आलेत. मी पदर सावरून उठले. "काकाजी, झालं आता. बंद केलं. आता बिलकुल आवाज येणार नाही."

"बेटा, तेच तर विचारायला आलो," काकाजी म्हणाले. "बंद का केलं?"

"म्हणजे?"

"अरे, ते घूं घूं चालू होतं ना, तर माझ्या ज्वारीवरचे सगळे कबूतर उडून गेले. बरसों से हटत नव्हते. चांगलं चालू होतं, आणि तुम्ही त्याला दुरुस्त करून टाकलं!"

जाताना परत वळून म्हणाले, "रोज थोडा वेळ खराब करता येईल का?"

*

आणि मग रविवार. बदनापूर.

एरवी मी लग्नाच्या गर्दीत काव्याला नेत नाही. पण त्या दिवशी घरी बसवेना. आत्याबाईही निघाल्या. मंगल कार्यालयाच्या मैदानात संध्याकाळी हळद होती. नवरदेव पाटावर पिवळा झालेला, बायका रांगेनं उभ्या, एका बाजूला मांडव घालून पार्टीचं स्टेज आणि स्टेजच्या दोन्ही टोकांना माणसाएवढे स्पीकर.

उस्मान मास्तरांनी भाऊजींना सगळ्यात मागं, ढोलकवाल्याच्या पाठीशी, स्पीकरपासून जितकं लांब करता येईल तितकं लांब उभं केलं होतं. "यहीं रहना," एवढंच म्हणाले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. गिटार कुठं आहे हे शोधावं लागत होतं. मी काव्याला छातीशी घट्ट धरून मनात म्हणत होते, ठीक आहे, ओरडली तर नाही, बस झालं, असंच लपून वाजवा आणि घरी चला.

तिसऱ्या गाण्याच्या मधेच भाऊजी ढोलकवाल्याच्या मागून बाहेर आले.

मास्तरांनी डोळ्यांनी 'मागं हो' म्हटलं. भाऊजी चालत राहिले. वायर लांब होती. स्टेजच्या टोकाला जाऊन ते थेट त्या माणसाएवढ्या स्पीकरच्या तोंडासमोर उभे राहिले, गिटार त्याच्याकडं करून. मग बटणावर हात नेला आणि आवाज पार शेवटपर्यंत फिरवला.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा स्टेजवर बघते तर मास्तरांनी बेंजो सोडून दोन्ही कानांत बोटं घातलेली. कीबोर्डवाल्यानं घातलेली. ढोलकवाल्यानं ढोलक गळ्यात सोडून घातलेली. तिघंही डोळे बारीक करून, खांदे वर करून, आता येईल, आता येईल म्हणून उभे, पाय मात्र सवयीनं ठेक्यावर हलत. बाकी सगळं बंद पडलेलं. कीबोर्डातला ठेका तेवढा आपोआप चालू होता, आणि त्याच्यावर एकटी गिटार.

ओरडली नाही. गायली! तो सूर मी काही सांगू शकत नाही. तिकडं स्वयंपाकाच्या चुलीपाशी पुऱ्या लाटणाऱ्या बाया उठून बघायला आल्या.

पण मांडवातल्या लोकांना आधीची शिट्टी कुठं माहीत? त्यांना दिसलं ते एवढंच, की पार्टीतली तीन माणसं कानांत बोटं घालून, खांदे वर करून ठेक्यावर हलतायत.

नवरदेवाचे मामा पुढं आले. मोठा माणूस, फेटा बांधलेला. त्यांनी एकवार स्टेजकडं नीट पाहिलं. मग दोन्ही कानांत बोटं घातली, खांदे वर केले आणि नाचायला सुरुवात केली.

त्यांच्या मागून दोन जण. मग दहा. मग बायकांची रांगच्या रांग. नवरदेव पाटावरून उठला, हळदीच्या हातांनीच कानांत बोटं घातली, दोन्ही कान पिवळे. आमच्या आत्याबाई, ज्या गिटारीला इतके दिवस 'ते टमकं' म्हणत होत्या, त्या माझ्या हातात पिशवी देऊन गेल्या आणि बोटं घालून गोल फिरायला लागल्या. काव्यानं माझ्या कडेवरून आधी एक बोट माझ्या कानात घातलं, मग एक स्वतःच्या.

मास्तरांनी हळूच एक बोट काढलं. ऐकलं. दुसरं काढलं. भाऊजींकडं पाहिलं, स्पीकरकडं पाहिलं. मग समोर पाहिलं, अख्खं लग्न कानांत बोटं घालून नाचत होतं. त्यांनी दोन्ही बोटं मुकाट्यानं परत आत घातली.

सोमवारी सकाळी मास्तर आमच्या दुकानात बसून चहा घेत होते तेव्हा त्यांचा फोन वाजला. भोकरदनकडचं कुणीतरी होतं. आवाज एवढा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "मास्तर, आमच्या पोरीच्या हळदीला तुमचीच पार्टी पाहिजे. ती कानांत बोटं घालून नाचायची. गिटारवाला तोच पाहिजे बरं का, हाय का तो तुमच्यात?"

मास्तरांनी बशीतला चहा संपवला, भाऊजींकडं बघितलंही नाही.

"हमारे में ही है," म्हणाले. "कहाँ जाता वो?"

तर तुमच्याकडच्या कुठल्या हळदीत माणसं कानांत बोटं घालून नाचताना दिसली, तर एवढं पुढं सांगा बाई सगळ्यांना: ही नाचायची तऱ्हा आमच्या जालन्याची आहे.